घर शून्य धरावे

सोमवार, ३ तारीख

नोकरीवर हजर झालो, खोली मिळाली आणि प्रवासात काही हरवलं नाही. म्हणजे दिवस चांगलाच म्हणायचा. ही वही ताईने दिली आहे. तिचं म्हणणं असं की, मनात जे घोळत असेल ते हिच्यात लिही, म्हणजे मला पाच-पाच पानांची पत्रं वाचावी लागणार नाहीत. आईबाबा गेल्यापासून तिनेच मला वाढवलं, तेव्हा टोमणे मारायचा हक्कही तिचाच.

कारखान्यात एक किरणोत्सारी भुकटी दळली जाते. दळणाच्या खोलीत काम करणाऱ्यांच्या नाकातोंडातून ती थोडी थोडी आत जाते. कुणाच्या आत किती गेली, याचा अंदाज काढणारा एक छोटा विभाग आहे. त्यात मी नोंदणी मदतनीस. माझं शिक्षण अकरावीत सुटलं. पण मुलाखतीत शुद्धलेखन घातलं होतं आणि सात उमेदवारांत ‘श्वासोच्छ्वास’ बिनचूक लिहिणारा मी एकटाच निघालो. विभागप्रमुख म्हणाले की, इथे एक शून्य इकडचं तिकडे झालं तर माणूस कागदावर मरतो, त्यामुळे आम्हाला असाच घाबरट मुलगा हवा होता. मी घाबरट आहे हे त्यांनी कशावरून ओळखलं, कोण जाणे.

खोली कारखान्यापासून बारा मिनिटांवर. (दोनदा चालून पाहिलं.) घरमालकीण काकूंचे यजमान दळणाच्या खोलीतच कामाला होते. चार महिन्यांपूर्वी कामावर असतानाच हृदय बंद पडून गेले. काकूंनी हे सरळ आवाजात सांगितलं आणि त्याच आवाजात चहाला साखर किती असं विचारलं. त्यांची मुलगी आठ वर्षांची. एका जागी बसत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. तिने मला पाहिल्या पाहिल्या विचारलं की, तुला कान हलवता येतात का. येतात. माझी जागा पक्की झाली.

मंगळवार, ४ तारीख

विभागप्रमुखांना सगळे मास्तर म्हणतात, कारण हातात खडू नसेल तर त्यांना बोलताच येत नाही. आज त्यांनी फळ्यावर माणसाऐवजी घर काढलं. फुप्फुस म्हणजे पुढची खोली, रक्त म्हणजे बोळ, हाडं म्हणजे माळा. पाहुणा पुढच्या खोलीत येतो, बोळातून हळूहळू आत सरकतो आणि एकदा माळ्यावर चढला की जन्मभर उतरत नाही. आपल्याला त्या घरात शिरता येत नाही. मागच्या मोरीतून रोज काय वाहतं तेवढंच दिसतं, आणि त्यावरून आत किती आहे ते ओळखायचं.

म्हणून दर महिन्याला प्रत्येक कामगाराची एका दिवसाची लघवी बाटलीत घेतात. ती सुट्टीच्या दिवशी, घरीच भरायची, म्हणजे कारखान्याची धूळ बाटलीत पडायला नको. नोंदवहीच्या पहिल्या पानावर नियम छापलेला आहे: घर शून्य धरावे. बाटलीतला अर्क यंत्राखाली दिवसभर ठेवला की यंत्र टिकटिकतं. स्वच्छ माणसाच्या बाटलीला चार-पाच टिकटिक, त्या पाण्याच्या, काचेच्या, यंत्राच्या. तेवढ्या सगळ्यांच्या आकड्यांतून वजा करायच्या. त्यासाठी नव्याने आलेल्या, दळणाच्या खोलीत पाऊलही न टाकलेल्या माणसाची बाटली लागते. तिला कोरी बाटली म्हणतात. या खेपेला ती माझी.

तपासणी करणाऱ्या रसायनवाल्या बाईंना बाटलीबाई म्हणतात, अर्थात त्यांच्या पाठीमागे. त्या म्हणाल्या की, अरे, चाळीस माणसांचा हिशेब तुझ्यावर उभा आहे, भरपूर पाणी पी. माझी गरज आहे असं पहिल्यांदाच कुणी म्हणालं, आणि तेही कशासाठी! नव्या बाटल्या अजून आल्या नाहीत, त्यामुळे माझा नंबर तिसऱ्या आठवड्यानंतर.

शनिवार, ८ तारीख

अर्धा दिवस होता, लवकर घरी आलो. चार वाजता कारखान्याचा भोंगा झाला. पाळी सुटायची वेळ. काकू हातातलं काम तसंच टाकून मधल्या खोलीत गेल्या आणि आतून कडी लावली. पाचेक मिनिटांनी बाहेर आल्या त्या तोंड धुऊनच. त्यांना कुणासमोर रडायला आवडत नसावं. मग भिंगरी आत गेली. ती मात्र हसत बाहेर आली. मी काही विचारलं नाही. मी भाड्याने राहणारा, मला काय अधिकार.

रात्रीची भांडी मी घासतो. काकू म्हणतात की, घासतोस छान, पण प्रत्येक वाटी तीनदा घासल्याने ती काही चांदीची होणार नाही.

रविवार, १६ तारीख

भिंगरीला जोडाक्षरं शिकवतो. आज तिने ‘वात्सल्य’ न चुकता लिहिलं. मी शाबासकी दिल्यावर ती कानाशी येऊन म्हणाली की, तुला एक गंमत दाखवते, पण आईला सांगायचं नाही, कारण आईलाही वाटतं की ही गंमत फक्त तिचीच आहे.

मधल्या खोलीतल्या कपाटात तिच्या बाबांचा कोट टांगलेला आहे. राखाडी, जाड, कॉलरला आतून निळी पट्टी. ती स्टुलावर चढली, कोटात तोंड खुपसलं आणि एक लांब श्वास घेतला. मग म्हणाली की, आले बाबा. मग खिशात बोट घालून खालची बारीक राखाडी धूळ काढली आणि वरच्या ओठावर मिशी काढली. बाबांना अशीच होती म्हणे.

मला हसू आलं, आणि लगेच रडूही. ती म्हणाली की, तुला तर आई पण नाही आणि बाबा पण नाहीत, माझ्या बाबांतले थोडे तू घे. नाही कसं म्हणणार? मीही तोंड लावलं. साबण, यंत्राचं तेल, आणि घशाशी काहीतरी कोरडं. माझ्या बाबांच्या कपड्यांना कसला वास होता ते मला आठवत नाही. खूप आठवून पाहिलं.

आता आम्ही दोघं रोज जाणार. ती आधी, मग मी.

रविवार, २३ तारीख

बाटली भरली. भिंगरीने विचारलं की, हे सफरचंदाचं सरबत आहे का. काकू इतक्या हसल्या की त्यांना बसावं लागलं. त्या गेल्या पाच महिन्यांत अशा हसल्या नव्हत्या, असं शेजारीण म्हणाली. बाटलीवर चिठ्ठी लावली: नाव, तारीख, वेळ. अक्षर सुरेख आलं आहे.

शुक्रवार, २८ तारीख

विचित्र दिवस. महिन्याचे आकडे लावले. चाळीस माणसांच्या टिकटिकी दहा, बारा, अठरा अशा. त्यातून कोरी बाटली वजा केली तर चाळीसच्या चाळीस उणे! मास्तर म्हणाले की, वा, आमचे कामगार आता न जन्मलेल्या माणसापेक्षाही स्वच्छ झाले. सगळे हसले. मग कुणीतरी कोऱ्या बाटलीचा आकडा पाहिला.

एकतीस.

बाटलीबाई लाल झाल्या. त्यांचं काचसामान घाण असल्याचं गेल्या नऊ वर्षांत कुणी म्हणालं नव्हतं. मास्तरांनी मला विचारलं की, तू दळणाच्या खोलीत डोकावलास का. मी शपथेवर नाही सांगितलं. ते म्हणाले की, अरे, शपथ कशाला, रविवारी पुन्हा बाटली दे, यंत्रही माणूसच आहे.

माझ्या अक्षरातला तो एकतीस सारखा डोळ्यांपुढे येतो.

गुरुवार, ४ तारीख

दुसऱ्या बाटलीचा निकाल आला. चव्वेचाळीस. काचसामान नवं होतं, आम्ल नवं होतं, बाटलीबाईंनी स्वतःचीही एक बाटली सोबत लावली होती. त्यांचा आकडा चार.

मास्तर आज हसले नाहीत. त्यांचा तर्क असा की, कार्यालयात कुठूनतरी भुकटी येतेय आणि माझं टेबल दळणाच्या खोलीच्या भिंतीला लागून आहे. टेबल हलवलं, भिंत पुसून घेतली, भिंतीवर काही मिळालं नाही. मला सांगितलं की, आता चार दिवस कारखान्यात फिरकू नकोस, घरी राहा. भुकटी येणं थांबलं की मोरीतलं पाणी रोज थोडं थोडं निवळतं, तसा आकडा उतरेल. त्या उतारावरून ती कधी आत गेली तेही कळेल. चौथ्या दिवशी बाटली भरायची.

मी विचारलं की, माझ्या आत किती असेल. ते खडू शोधत राहिले.

सोमवार, ८ तारीख

चार दिवस घरी. काकूंना फक्त एवढंच सांगितलं की तब्येतीसाठी सुट्टी दिली आहे. त्यांनी सूप करून दिलं आणि वर सुनावलं की, तुझी तब्येत म्हणजे नुसता विचार करकरून झालेली. भिंगरीच्या शाळेलाही सुट्टी होती. पत्ते खेळलो, गोष्टीचं पुस्तक वाचलं. ती कपाटाचं दार उघडून आतच बसते. तेच तिचं घर. मीही त्या दाराशी टेकून बसायचो. इतकं सुख मला कधी मिळालं नव्हतं. भीती अशी वाटली नाही चार दिवस, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

बाटली भरली. आता उतरेल.

शुक्रवार, १२ तारीख

निकाल कार्यालय सुटताना आला. एक्क्याण्णव.

मास्तर वरिष्ठांच्या सभेला परगावी. बाटलीबाई माझ्याकडे न पाहता म्हणाल्या की, मशीन पुन्हा लावू. पण त्यांना कळलं आहे. मलाही कळलं. कारखान्यात जात होतो तेव्हा कमी. चार दिवस गेलो नाही तेव्हा दुप्पट.

ज्या घराला आम्ही शून्य धरतो ते घर.

घरी आलो. साडेपाच वाजले होते. भिंगरी जेवायच्या टेबलाशी गृहपाठ करत होती. वरच्या ओठावर राखाडी मिशी. मिशी चाटत चाटत लिहीत होती.

मी ओलं फडकं आणून तिचं तोंड पुसलं. ती म्हणाली की, अरे, बाबांना पुसलंस. मी कपाटाच्या खोलीचं दार ओढून घेतलं. काकूंना काही बोललो नाही. खात्री नाही, असं स्वतःला सांगितलं. खात्री नसताना एखाद्याच्या नवऱ्याचा कोट कसा मागायचा?

हे कारण लिहिताना बरं दिसत नाही.

शनिवार, १३ तारीख. सकाळ

आठला सामानकोठीत गेलो. तिथले म्हातारे रखवालदार, सगळे त्यांना किल्लेदार म्हणतात. दळणाच्या खोलीतले कोट पाहायला मागितले. राखाडी, जाड. कॉलरला आतून निळी पट्टी.

मी विचारलं की, हे कोट बाहेर जातात का. ते म्हणाले की, कधीच नाही, इथेच धुतात, इथेच जाळतात. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि स्टुलावर बसले.

काकूंना तो कोट त्यांनीच दिला होता. काकूंच्या यजमानांची शवपेटी कारखान्याने बंद करूनच घरी पाठवली होती, झाकण उघडायची परवानगी नव्हती. तोंडसुद्धा पाहू दिलं नाही. बाई तीन दिवस फाटकाशी येऊन उभी राहायची. काही मागायची नाही, नुसती उभी. चौथ्या दिवशी त्यांनी नियम मोडला आणि कोट पिशवीत घालून दिला. आधी ब्रशने झाडला होता, असं दोनदा सांगितलं. झाडला होता रे, चांगला झाडला होता. मग रडू लागले. एवढ्या मोठ्या माणसाला रडताना पाहून मी किल्ल्यांचा जुडगा उचलून त्यांच्या हातात दिला. दुसरं काय करणार होतो?

शनिवार. दुपारी पावणेतीन

हिशेब केला. मला दुसरं काही येत नाही.

माझे कोटाजवळचे दिवस सव्वीस. तिचे एकशे साठ. शिवाय तोंडातून गेलेलं वेगळं. शिवाय ती लहान, फुप्फुस लहान, हाडं वाढीची. वाढणारं हाड ते ओढून घेतं. मास्तरांच्या तक्त्यात मोठ्या माणसाचा हिशेब पुढच्या पन्नास वर्षांचा करतात. मुलांचा, मूल सत्तर वर्षांचं होईपर्यंत. म्हणजे बासष्ट वर्षं पुढे. आज तिने घेतलेला एक श्वास ती म्हातारी होईपर्यंत तिच्यात टिकटिकत राहणार.

आकडा आला. तीनदा तपासला. बरोबर आहे. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की चुकलेला असावा.

मास्तर सभेत होते, फोन अडीचला लागला. सगळं सांगितलं. मग म्हणाले की, सफाईचं पथक पाठवतो, पाचपर्यंत पोहोचेल. तू घरी जा, बाईंना शांतपणे सांग. कोटाला कुणी हात लावायचा नाही, हलवायचा नाही, धूळ उडता कामा नये. दोघींना बाहेर काढून दार लावून घे. जे होईल त्याची वेळ लिही. मी विचारलं की, मुलीचं काय होईल. म्हणाले की, अंदाज हा अंदाज असतो, खरा आकडा तिप्पट किंवा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाही असू शकतो. हे त्यांनी मला धीर देण्यासाठी सांगितलं असावं.

३.४०

सांगितलं.

काकू आधी हसल्या. म्हणाल्या की, तुला पेनातल्या शाईचीही भीती वाटते. मग हसू थांबलं. विचारलं, किती आहे तिच्यात. मी आकडा सांगितला. त्यांना आकड्याचा अर्थ कळला नाही, माझ्या चेहऱ्याचा कळला.

म्हणाल्या की, तोंड पाहू दिलं नाही. आता कोटही नेणार. मी हो म्हणालो. त्या म्हणाल्या की, नेऊ देत, लेकरापेक्षा काही जास्त नाही. वाटलं, झालं. सुटलो.

मग म्हणाल्या की, पण असा नाही देणार. कॉलर मळली आहे, खिशात धूळ. लोक म्हणतील हिने नवऱ्याचा कोट कसा ठेवला होता. आणि ब्रश घेऊन आत.

मी आडवा झालो. त्यांनी मला हाताने बाजूला केलं, जसं दारातल्या मांजराला करतात. भिंगरीचा हात मी धरला होता. ती गर्रकन फिरली आणि हात सुटला. दोघी आत. कडी.

३.४८

मास्तरांना फोन. दार फोडू नकोस म्हणाले, वाऱ्याने सगळं उडेल, आणि तू आधीच पुष्कळ घेतलं आहेस. पथक निघालं आहे. बाहेरच थांब. वेळा लिही. कधी आत गेलं ते आपल्याला एरवी कधीच कळत नाही, या खेपेला कळेल.

दाराला तोंड लावून सांगतोय. समजावतोय. ओरडत नाही, भिंगरी घाबरेल.

३.५२

ब्रशचा आवाज. लांब लांब. बाही असावी.

३.५४

झटकला. एकदा. दोनदा. दोरीवर घालायच्या आधी कपडा झटकतात तसा.

आता ओरडलो. काकू झटकू नका. आतून म्हणाल्या की, झालंच, कॉलर राहिली.

३.५६

दाराच्या फटीतून उन्हाची पट्टी आली आहे. तिच्यात कण. माझ्या वहीवर. पुसले तर पसरतात —

३.५८

भिंगरी शिंकली. हसली. पुन्हा शिंकली.

आठ वर्षांचं मूल, मिनिटाला वीस श्वास. दहा मिनिटं झाली. दोनशे. मी गुणाकार करतोय. थांबवता येत नाही —

४.००

भोंगा.

ती म्हणाली की, आई, वेळ झाली, बाबा. आणि लांब श्वास घेतला. इथून ऐकू आला. सोडेना. मी मोजलं. एकोणीसपर्यंत. मग सोडला. मग काकूंचा. तसाच लांब. मग दोघींचा एकदम —

४.०७

खोकला. कुणाचा ते —

काकू रडत आहेत. मोठ्याने. कुणी ऐकेल याची पर्वा नाही. एकशे साठ दिवसांचं, सगळं. भिंगरी म्हणते की, आई, नको ना, कोट भिजेल —

पथक नाही. रस्त्यावर काही नाही.

४.११

ती दार वाजवते आहे. आतून. म्हणते की, दादा, कडी वर अडकली, माझा हात पुरत नाही, आई उठत नाही —

फोन केला. थांब म्हणाले. पंधरा मिनिटं. थांब.

पंधरा मिनिटं म्हणजे तीनशे श्वास.

मी वीस मिनिटं इथे बसून सुवाच्य अक्षरात लिहितो आहे. एकही चूक नाही. कुणी तपासून पाहावं. एकही —

ती खोकते आहे.

४.१४

फडकं ओलं करून तोंडाला बांधलं. दुसरं तिच्यासाठी. स्क्रू काढण्यापेक्षा खांदा लावला तर दार जाईल, पातळ आहे. तिला उचलून मागच्या दाराने मोकळ्यावर. मग काकूंना.

मास्तर, तुम्ही नको म्हणालात. माझा हिशेब माझ्या नावावर वेगळा धरा. वेळ लिहून घ्या, ही तरी नक्की असू दे. मी आत गेलो चार वाजून —